लपवलेली नऊ पाकिटं

तुम्ही वर्षभर जे काम करता, त्यातली सगळ्यात वाईट तीन मिनिटं उचलून कुणी भिंतीवर लावली आणि खाली तुमचं नाव लिहिलं, तर तुम्ही ते मान्य कराल का?

माझ्या आईने मान्य केलं होतं. तेही मुकाट्याने, मेथीची भाजी निवडता निवडता.

आम्ही तेव्हा शहराच्या कडेला, हुडकेश्वरला राहत होतो. आता तिथे घरांच्या प्लॉटचे लेआउटला लेआउट चिकटले आहेत, पण तेव्हा दोन घरांच्या मध्ये तुरीचं वावर असायचं आणि हिवाळ्यात शेंगा तोडल्या तरी कोणी ओरडायचं नाही. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे सिमेंटचं अंगण आणि अंगणाच्या कडेला वडिलांनी लावलेलं एक संत्र्याचं झाड, ज्याला कधी संत्री आली नाहीत. वडील शहरातल्या एका छापखान्यात मशीनवर होते. आई कळमेश्वरच्या एमआयडीसीत तिखटाच्या कारखान्यात पाकिटं भरायला जायची. सकाळी साडेसहाला कोपऱ्यावर कंपनीची बस येई, संध्याकाळी सहाला आणून सोडी. आई घरात आली की आधी आम्हाला शिंक यायची, मग आई दिसायची. ती केस धुवायची, हाताला दही चोळायची, लुगडं बदलायची, तरी कुशीत शिरलं की नाकाला झणझण व्हायचं. आज कुठे मिरच्या कुटत असल्या तर लोक तोंडाला रुमाल लावतात. मी उभी राहते.

आणि पत्रकं. आमच्या घरात पुस्तकं कमी होती, पत्रकं खूप. वडील छापखान्यातून बिघडलेले कागद आणायचे, त्यांच्या कोऱ्या बाजूवर माझा अभ्यास व्हायचा. एका बाजूला माझी बेरीज, दुसऱ्या बाजूला "नळाला पाणी की नुसता वारा?" अशा ठळक अक्षरातला सवाल. पिवळी, गुलाबी, हिरवट पत्रकं. वडील स्वतःही लिहायचे. बसभाड्यावर, सफाई कामगारांच्या हातमोज्यांवर, शाळेच्या गळक्या छपरावर. लिहून झालं की आईला आणि मला समोर बसवून मोठ्याने वाचायचे. त्यांनी मला लिहिण्याचा एकच नियम शिकवला होता. पत्रकात 'काही' हा शब्द येऊ द्यायचा नाही. 'सर्व' लिहा, 'एकही नाही' लिहा. 'काही' वाचून माणूस चहा प्यायला जातो, असं ते म्हणायचे. मी त्या नियमावर वाढले. अजूनही लिहिताना माझा हात 'सर्व'कडे जातो आणि मला तो ओढून मागे आणावा लागतो. तो ओढायला मी कुठे शिकले, तेच सांगते आहे.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय संख्याशास्त्र. डिसेंबरचा महिना, शनिवारची संध्याकाळ. आई मेथी निवडत होती आणि सहज बोलली, "माह्ये दोन ठिपके झाले."

"कायचे ठिपके?"

तेव्हा कळलं. कारखान्यात दिवाळीनंतर नवा नियम आला होता. पाकीट दोनशे ग्रॅमचं. भरणाऱ्या बाया सोळा, एक गेली की तिच्या जागी दुसरी. दिवसातून तीनदा सुपरवायझर येणार, प्रत्येकीच्या ट्रेमधून कोणतंही एक पाकीट उचलणार, काट्यावर ठेवणार. एकशे नव्वदच्या खाली भरलं तर भिंतीवरच्या तक्त्यात नावापुढे लाल ठिपका. महिन्यात तीन ठिपके झाले की उद्यापासून येऊ नका. पहिल्याच महिन्यात तीन बाया गेल्या होत्या. त्यांतली एक आमच्या शेजारची मावशी, जी आईसोबत त्याच बसने जायची. ती का जात नाही हे मी विचारलं होतं, तेव्हा आईच म्हणाली होती, "ती बोलते जास्त. ध्यान नाही राहत तिचं."

आता आईचे दोन झाले होते, आणि महिन्याचे कामाचे बारा दिवस उरले होते.

"पण काहून झाले?" मी विचारलं.

"हात हलका झाला असन माहा. वय झालं."

"पंचेचाळिशीत?"

"मंग काय तं. काट्यानं खोटं सांगितलं का?"

वडील दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांनी चप्पलही काढली नव्हती. "उद्याच पत्रक काढतो," ते म्हणाले आणि तिथल्या तिथे खिशातली पेन्सिल काढून लिहायला लागले. जेवणं होईपर्यंत मजकूर तयार. त्यांनी वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं: "सहा वर्षांत या हातांनी भरलेलं एकही पाकीट हलकं नव्हतं!" त्यापुढे उद्गारचिन्ह, ते वाचतानाही ऐकू यायचं.

आई खाली पाहत होती. "दोन तं होते नं हलके," ती हळूच म्हणाली.

"ते काटा चुकला असन."

"काटा नाही चुकला. मी पाहिलं."

मला त्या क्षणी वर्गातला फळा आठवला. आठवड्यापूर्वीच आमच्या सरांनी प्रसामान्य वितरण शिकवलं होतं. म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली की बहुतेक वेळा ती मधोमध पडते, थोडी इकडे, थोडी तिकडे, आणि फार लांब अगदी क्वचित. कागदावर मांडलं की घंटेसारखा डोंगर होतो, दोन्ही उतार सारखे. आम्ही त्याची उदाहरणं सोडवायचो ती बल्बची. अमुक बल्ब सरासरी इतके तास टिकतात, तर इतक्या तासांच्या आत किती जातील? पुस्तकामागच्या तक्त्यात बोट फिरवायचं, उत्तर काढायचं. ते बल्ब कोणी कधी पाहिले नव्हते. मी म्हटलं, आपल्याकडे पाकिटं आहेत.

"आई, तू उद्या घरी शंभर पाकिटं भरशील?"

"कायची?"

"कायचीही. पिठाची."

वडिलांचा कळमन्याच्या धान्यबाजारात एक ओळखीचा होता. रविवारी सकाळी ते सायकलवर अर्धं पोतं ज्वारी लादून आले आणि तशीच चक्कीवर दळायला टाकून आले. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने दुपारी दुकान बंद असताना त्याचा इलेक्ट्रॉनिक काटा दिला. मी आईला सांगितलं की सगळं कारखान्यासारखंच करायचं. तेच पत्र्याचं माप, तोंडाला फडकं, हातात रबरी मोजे, तीच घाई. तिथे सोळा बायांमध्ये चारच काटे होते आणि ताशी इतकी पाकिटं झालीच पाहिजेत असं होतं, म्हणून काट्यावर ठेवून भरायला कोणाला वेळ नसायचा. मापाने घ्यायचं, हाताने अंदाज, पाकिटात, पुढे. घरीही तसंच.

हिवाळ्याचं दुपारचं ऊन अंगणात होतं. आई ओसरीत बसून भरत होती, मी पिन मारायला एक जुना स्टेपलर दिला होता. वडील टोपलीतून पाकिटं माझ्यापर्यंत आणत होते आणि दर खेपेला काहीतरी बोलत होते. "चला, माल उतरवा. हमाली कोण देईन?" मी काट्यावर ठेवायची, आकडा वहीत लिहायची आणि पाकीट अंगणात त्याच्या जागी ठेवायची. सिमेंटवर खडूने रेघ मारून दोन-दोन ग्रॅमची घरं आखली होती, एकशे शहाऐंशीपासून दोनशे चौदापर्यंत. प्रत्येक पाकीट आपल्या घरापुढे ओळीत. पहिली पंधरा-वीस पाकिटं विस्कटल्यासारखी दिसली. चाळीस झाली तशी मधली ओळ लांब व्हायला लागली. शेजारची मावशी कुंपणावरून वाकून पाहत होती.

"काय मांडून राहिली वं?"

"डोंगर."

"पिठाचा? उंदरं येतीन."

शंभर झाली. मी उठून उभी राहिले, दोन पावलं मागे सरकले, आणि माझा चेहरा पडला.

उजवीकडचा उतार पुस्तकासारखा होता. दोनशेच्या मधल्या लांब ओळीपासून हळूहळू कमी होत दोनशे बारापर्यंत. पण डावीकडे? दोनशे, एकशे अठ्ठ्याण्णव, शहाण्णव, चौऱ्याण्णव, आणि मग एकदम काहीच नाही. जणू डोंगराची एक बाजू जेसीबीने कापून नेली. एकशे चौऱ्याण्णवच्या खाली एक पाकीट नाही.

वडिलांनी टाळी वाजवली. "पाह्य! एकही हलकं नाही. मी काय लिहिलं होतं?"

मला रडायला येत होतं. मला वाटलं, काटा बिघडला. एक किलोचं मिठाचं बंद पाकीट ठेवून पाहिलं, काटा बरोबर. मग वाटलं, पीठ वेगळं वागत असेल. मग वाटलं, सरांनीच चुकीचं शिकवलं. वीस वर्षांच्या मुलीला जग चुकलं असं वाटायला फार वेळ लागत नाही. मी पुन्हा उजवीकडे मोजलं. दोनशे सहाच्या वर अकरा पाकिटं होती. दोन्ही उतार सारखे असायचे तर एकशे चौऱ्याण्णवच्या खालीही दहा-अकरा हवीत. एखादं कमी-जास्त झालं तर समजू शकते. पण अकराच्या समोर शून्य?

मी आईकडे पाहिलं. तिच्या उजव्या हातात मोजा होता. डाव्या हातात नव्हता.

"आई, डावा मोजा काहून काढला?"

"घाम आला."

"डिसेंबरात?"

तिचे पिठाने पांढरे झालेले हात मांडीवर.

"आई, दहा-अकरा पाकिटं कुठं आहेत?"

"वा!" वडील हसले. "पोरगी तं ठाणेदार झाली."

आई उठली. आत गेली. आमच्याकडे तांदळाचा एक पत्र्याचा मोठा डबा होता, त्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ती पदरात घेऊन बाहेर आली आणि अंगणात एकेक करून ठेवली. नऊ पाकिटं. भरून झालं की ती डाव्या हाताच्या उघड्या तळव्यावर पाकीट उचलून पाहायची, आणि हलकं लागलं की मागे सरकवायची, आमची पाठ फिरली की डब्यात.

मी चिडले. आज त्याची लाज वाटते, पण चिडले. "मला हलकीच पाहिजेत! हलकी नसली तर सगळं खोटं होते!"

"हलकं पाकीट कोण दाखवते वं लोकायले?" आईचा आवाज चढला. तो क्वचित चढायचा. "माही माय उमरेडले मागावर बसे. एक धागा चुकला तं व्यापारी येण्याच्या आधी उसवून टाके. अर्धा हात कापड उसवे, पुन्हा विणे. आम्ही सहा जणी बहिणी, तसंच शिकलो. चुकलेलं घरात ठेवा, चांगलं बाहेर द्या. आणि तू म्हणते चुकलेलं अंगणात मांड."

कुंपणावरची मावशी आईकडे पाहायला लागली.

मला तेव्हा सुचलं ते मी बोलले. नीट सुचलं होतं असं नाही. "आई, आजीला उसवायला वेळ मिळायचा. तुला कारखान्यात कोणी उसवू देते का? तिथे तुझं पाकीट सील होते आणि जाते. उसवायला न देता चूक मोजणं, हे कुठलं मोजणं?"

आई त्या नऊ पाकिटांजवळ बसली. मग स्वतःच एकेक उचलून काट्यावर ठेवायला लागली. आकडा ती सांगायची, मी लिहायची. एकशे त्र्याण्णव. एकशे ब्याण्णव. एकशे त्र्याण्णव. शेवटची दोन तिने हातात धरून ठेवली होती. एकशे एकोणनव्वद. एकशे सत्त्याऐंशी. ती तिने सर्वांत डावीकडे, एकेकटी, जवळजवळ अंगणाच्या कडेला ठेवली. आणि डोंगर पुरा झाला.

तो मी पुन्हा कधी तितका सुंदर पाहिला नाही. पुढे संगणकावर शेकडो काढले, रंगीत काढले. पण उतरत्या उन्हात, सिमेंटवर, एकशे नऊ पाकिटांचा तो डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी पिठाळलेली माझी आई. फोटो नाही. तेव्हा आमच्या फोनला कॅमेरा होता, पण कोणाला सुचलं नाही.

मग मी वही घेऊन बसले. सरासरी दोनशेला लागून आली. आणि पसारा किती, म्हणजे पाकिटं सरासरीपासून साधारण किती हलतात, ते काढलं: पाच ग्रॅम. पुढचं मी वडिलांना जसं समजावलं तसंच इथे लिहिते. मधोमध दोनशेवर उभे राहा. पाच ग्रॅमचं एक पाऊल टाका. एका पावलाच्या आत, दोन्ही बाजू धरून, शंभरातली अडुसष्ट पाकिटं. दोन पावलांच्या आत पंचाण्णव. बाहेर उरली पाच. त्यातली अर्धी जड, अर्धी हलकी. आता एकशे नव्वद म्हणजे बरोबर दोन पावलं खाली. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या हाताचीही शंभरातली दोनेक पाकिटं त्या रेघेखाली जाणारच. जाणारच. त्याला आळस म्हणत नाहीत, वय म्हणत नाहीत, गप्पा म्हणत नाहीत.

"आणि महिन्यात तपासण्या किती?" वडिलांनी विचारलं. त्यांची पेन्सिल कानावर होती.

"दिवसाला तीन, सव्वीस दिवस. अठ्ठ्याहत्तर."

"म्हणजे जवळपास दोन ठिपके प्रत्येकीले लागणारच."

"सरासरी. कोणाला शून्य, कोणाला चार. मी हिशेब केला. काहीच चूक नसताना दर महिन्याला चारातल्या एकीचे तीन होतील."

"आणि हिचे?" त्यांनी आईकडे मान केली.

ते मी आधीच काढलं होतं, पण सांगायचं नव्हतं. उरलेल्या बारा दिवसांत छत्तीस तपासण्या. छत्तीसच्या छत्तीस सुटण्याची शक्यता निम्म्याहून कमी होती. मी सांगितलं. आईने ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे नाणं उडवल्यासारखं?"

"त्याहून थोडं वाईट."

वडिलांनी आपलं पत्रक पुढे ओढलं. 'एकही पाकीट हलकं नव्हतं' या वाक्यावर पेन्सिल ठेवली. "बाई, पण 'शंभरातली दोन' लिहून कोण पेटून उठते?"

"बाबा, तुमचं वाक्य छापलं तर ते लोक दोन हलकी पाकिटं दाखवतील आणि आपण खोटे ठरू. माझं छापलं तर ते जितकी दाखवतील तितके आपण खरे."

त्यांनी वाक्य खोडलं. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा त्यांना स्वतःचं उद्गारचिन्ह खोडताना पाहिलं.

सोमवारी मी आईबरोबर कंपनीच्या बसने गेले. ड्रायव्हर म्हणाला, "हे कोण, नवीन भरती?" आई म्हणाली, "माही वकील हाय." गेटवर पंधरा मिनिटं थांबलो. मग उत्पादन बघणारे साहेब भेटले. तरुण होते, माझ्याहून फार तर आठ-दहा वर्षांनी मोठे, टेबलावर गुणवत्तेच्या कसल्याशा प्रशिक्षणाची फाइल. वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्या पत्रकांत साहेब नेहमी वाईटच असायचा.

"हे बघा," ते म्हणाले, "एकशे नव्वदच्या खाली म्हणजे ग्राहकाची फसवणूक. तुम्ही घ्याल का असं पाकीट?"

मी तोंड उघडायच्या आधी आईने पिशवीतून ती दोन पाकिटं काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे माहे हायेत, साहेब. एक एकशे सत्त्याऐंशी, एक एकशे एकोणनव्वद. घरी भरले. मागे कोणी उभं नव्हतं, अंगात ताप नव्हता, गप्पा नव्हत्या. एकशे नऊ भरले, त्यातून हे दोन आले. मी लपवले होते. पोरीनं लपवू नाही दिले."

साहेबांनी पाकीट उचलून स्वतःच्या काट्यावर ठेवलं. खरंच एकशे सत्त्याऐंशी. ते गोंधळले. चोर पकडायचं शिकवतात, पण कोणी स्वतःच आणून दिलं तर काय करायचं हे शिकवत नाहीत.

मी म्हटलं, "सर, तुमची तपासणीची वही मी पाहिलेली नाही. या महिन्याचे चौदा दिवस झाले. सोळा बाया, रोज तीनदा, म्हणजे सहाशे बहात्तर पाकिटं तुम्ही तपासली. माझ्या हिशेबाने त्यात पंधराच्या आसपास ठिपके असतील. आणि ते तीन-चार जणींवर गोळा झालेले नसतील, विखुरलेले असतील. मोजून बघा."

त्यांनी वही मागवली. पेनाच्या टोकाने मोजलं. एकदा, मग पुन्हा. सोळा ठिपके होते. अकरा नावांवर.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांच्या आवाजात संशय होता, आतला माणूस फुटला की काय असा.

"ज्वारीच्या पिठानं," मी म्हटलं. आईने माझ्या पायावर पाय दिला.

मग त्यांनी खरंच विचारलं, आणि मी खरंच सांगितलं. एक पाकीट उचलू नका, दहा एकत्र उचला. दहात एखादं हलकं, एखादं जड, ते एकमेकांना सावरतात, म्हणून दहांची सरासरी एकट्या पाकिटासारखी हेलकावत नाही. दोनशेच्या हाताने भरलेल्या दहांची सरासरी एकशे पंचाण्णवच्या खाली जाणं हजारात एकदाही होत नाही. आणि जी बाई खरंच सगळीकडे कमी भरते ती मात्र एक-दोन तपासण्यांतच सापडते. ग्राहकाचंही भलं, बाईचंही.

त्यांनी कागदावर स्वतः गणित करून पाहिलं. इंजिनिअर होते, जमलं. "एक तारखेपासून करून बघू," ते म्हणाले.

"आणि या महिन्याचे ठिपके?"

त्यांनी वही मिटली. "धरणार नाही."

आईचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. पण ती उठली नाही. तशीच बसून राहिली.

"आणि मागच्या महिन्यात काढल्या त्या तिघी?"

"ते जुन्या नियमाप्रमाणे झालं. आता ते उघडता येणार नाही."

"पण नियम चुकला होता नं साहेब?"

"मावशी," ते आईला म्हणाले, आणि दाराकडे पाहिलं. त्यांना खरंच बोलायचं नव्हतं. आई उठली. तिची नोकरी वाचली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते कुठेच नव्हतं.

संध्याकाळी ती घरात शिरलीच नाही. तिखटाच्या वासासकट सरळ मावशीच्या दारात गेली, मी मागे. मावशी सुपात तूर पाखडत होती. आईने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी म्हणली होती, तू बोलते जास्त म्हणून गेली. तसं नव्हतं."

"बोलतो तं मी जास्तच," मावशी म्हणाली. सूप थांबलं नाही. मग थांबलं. "म्हणजे माह्या हातात खोट नव्हती?"

"नव्हती."

"घरी सगळे म्हणून राहिले, हात चालत नाही हिचा. पोरगाही म्हणते." तिने तूर एका बाजूला केली. "मंग तसं लिहून दे."

"मी? मी कोण लिहून देणार? साहेबानं द्यायले पाहिजे."

"साहेब देईन का?"

आईने नकारार्थी मान हलवली.

"मंग तू दे. तू माह्या बाजूले बसून भरे. तुले माहीत हाय."

वडिलांनी नवं पत्रक छापलं. वरच्या अर्ध्या पानावर ठिपक्यांचा डोंगर, त्यांनी हाताने काढलेला, खाली मजकूर, त्यात 'शंभरातली दोन' ठळक. कळमेश्वरच्या बसथांब्यावर त्यांनी ते स्वतः वाटलं. लोकांनी वाचलं, काहींनी चहाही प्यायला. कारखान्यात पुढे दहा-दहा पाकिटं तोलायला लागले, आणि माझ्या माहितीत त्यानंतर ठिपक्यांमुळे कोणी गेलं नाही. त्या तिघींना कोणी परत बोलावलं नाही. मावशीने पापडाचं काम धरलं.

पण त्याच आठवड्यात आईने वहीचं एक पान फाडलं आणि लिहायला बसली. तिला लिहायला वेळ लागतो. एकेक अक्षर विणल्यासारखं काढते. मी मदत करू का विचारलं तर नको म्हणाली. तीन ओळी होत्या. तुझ्या हातात खोट नव्हती. माझ्या हातातूनही तेवढीच हलकी पाकिटं गेली. तुला काढलं तो नियम चुकीचा होता. खाली सही, तारीख.

आई आता कामाला जात नाही, गुडघे धरले आहेत. मावशी मुलाकडे दुसऱ्या लेआउटमध्ये राहायला गेली. मागच्या हिवाळ्यात मी तिला भेटायला गेले होते. तिने आधार कार्ड, रेशन कार्ड ठेवायची प्लास्टिकची पिशवी उघडली आणि त्यातून ते पान काढून दाखवलं. घड्यांवर विरलं होतं. म्हणाली, "पोराले वाचून दाखवलं होतं त्याच दिवशी. मंग नाही बोलला कधी."

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या ओळखीतही कोणीतरी असेल, शेकडो कामांतली दोन-तीन वाईट निवडून जिला किंवा ज्याला घरी पाठवलं. तिचं बाकीचं काम तुम्ही बाजूला बसून पाहिलेलं आहे. तुमच्या हातात नोकरी परत देणं नाही, हे मला माहीत आहे. पण एक कागद घ्या. तुम्ही जे पाहिलं तेच लिहा, 'सर्व' नको, 'एकही नाही' नको, जेवढं खरं तेवढं. खाली आपली सही करा, तारीख घाला, आणि फोनवर फोटो न पाठवता स्वतः जाऊन तिच्या हातात द्या. या आठवड्यात द्या.